कृत्तिकेभोवतीचं निळं: तेजोमेघ, दव की लेन्सचा खेळ?

रंकाळा_कट्टा

मंडळी, कृत्तिकेचा फोटो खाली जोडलाय. प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती निळसर आभा आली आहे. घरचे म्हणतात नेबुला आला, पण मला खात्री वाटत नाही. आभा जरा जास्तच गोल आणि नीटनेटकी आहे.

तपशील असा: पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, डिसेंबर मध्य, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेनऊ ते साडेदहा. कॅमेरा कॅनन १५००डी, सेन्सरमध्ये काही बदल केलेला नाही. ५५-२५० किट झूम पूर्ण ओढून २५० मिमीवर, एफ ५.६. छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), त्याच्या ध्रुवदुर्बिणीतून ध्रुवतारा मधोमध आणून लावलेला. ३० सेकंदांच्या ६० फ्रेम, आयएसओ १६००. डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) २०, फ्लॅट (एकसारख्या पांढऱ्या उजेडाच्या फ्रेम) घेतले नाहीत. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचल्या.

अडचणी तीन. एक, ती आभा: साधारण २५ पिक्सेल त्रिज्या, सगळ्या मोठ्या ताऱ्यांना सारखीच. दोन, तारे किंचित लांबट, आणि शेवटच्या वीसेक फ्रेममध्ये चक्क फुगलेले. तीन, स्ट्रेच करायला (अंधारातला तपशील उजळायला) गेलं की आकाश तपकिरी होतं आणि एक कोपरा उजळून निघतो, मग ढग कुठला आणि आकाश कुठलं तेच कळत नाही.

दुकानदार म्हणतो ड्युअल-बँड (दोनच अरुंद रंगपट्टे सोडणारा) फिल्टर घ्या. एकजण म्हणाला सेन्सरवरचा, लाल रंग अडवणारा फिल्टर काढून घे. खर्च करायच्या आधी तुम्हाला विचारतो.

---

खमध्य

फिल्टरही नको आणि सेन्सर उघडणंही नको. दोन्ही सल्ले दुसऱ्या जातीच्या तेजोमेघांसाठी आहेत.

मृगातला किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ स्वतः उजळतो. तिथला हायड्रोजन ठरावीक लाल रंगात प्रकाश सोडतो, म्हणून ठरावीक पट्टे सोडणारा फिल्टर तिथं कामाला येतो. कृत्तिकेभोवती आहे ती धूळ. ती शेजारच्या निळ्या ताऱ्यांचा उजेड विखुरते, एवढंच. १९१२ मध्ये स्लायफर या खगोलशास्त्रज्ञानं कृत्तिकेतल्या मेरोपी ताऱ्याजवळच्या ढगाचा वर्णपट घेतला तेव्हा तो ताऱ्याच्याच वर्णपटासारखा निघाला. म्हणजे हा प्रकाश सलग आहे, पट्ट्यांचा नाही. ड्युअल-बँड फिल्टर लावलात तर दोन अरुंद खिडक्या सोडून बाकी सगळा ढग तुम्ही स्वतःच्या हातानं अडवाल. आणि ढग निळा असल्यामुळं सेन्सरची लाल बाजू मोकळी करूनही फारसं हाती लागत नाही.

आता आभेचं. मोजलं की उत्तर मिळतं. १५००डीचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. २५० मिमीवर एका पिक्सेलमध्ये साधारण ३.०७ आर्कसेकंद (अंशाचे साठ आर्कमिनिट, त्यातल्या एकाचे साठ आर्कसेकंद) आकाश मावतं (२०६.२६५ गुणिले ३.७२ भागिले २५०). तुमची २५ पिक्सेलची आभा म्हणजे सव्वा आर्कमिनिट. मेरोपीचा ढग, एनजीसी १४३५, ताऱ्यापासून दक्षिणेकडं जवळजवळ अर्धा अंश पसरलेला आहे, म्हणजे तुमच्या फ्रेममध्ये सुमारे ६०० पिक्सेल. २५ कुठं आणि ६०० कुठं! जे दिसतंय ते तेजोमेघ नव्हे.

खात्रीसाठी या चाचण्या करा:

पहिली, आकार. खरा ढग कधीच गोल नसतो. मेरोपीचा दक्षिणेला लोंबतो, माया ताऱ्याभोवतीचा कुंचल्यानं ओढल्यासारखा दिसतो, इलेक्ट्राचा त्याहून पुसट. अ‍ॅटलास आणि प्लिओनी या जोडीकडं मात्र फारच थोडा. अ‍ॅटलास मायापेक्षा तेजस्वी आहे (३.६ आणि ३.९ प्रत; आकडा लहान तितका तारा तेजस्वी). त्याच्याभोवतीही मायाइतकीच आभा असेल तर ती काचेची.

दुसरी, शेजारचा साक्षीदार. त्याच सेटिंगवर रोहिणीजवळच्या व्ही आकारावर चार फ्रेम घ्या. तिथं असा ढग नाही. त्या ताऱ्यांनाही आभा आली तर प्रश्न मिटला.

तिसरी, सगळ्यात निर्णायक: कॅमेरा लेन्ससकट ९० अंशांत फिरवून पुन्हा घ्या. लेन्सचे दोष कॅमेऱ्याबरोबर फिरतात, ढग आकाशाबरोबर राहतो.

आभेच्या दोन कारणांतही फरक करता येतो. स्वस्त झूममध्ये निळा-जांभळा रंग इतर रंगांच्या जागी फोकस होत नाही, त्याची झालर पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सारखीच राहते. दव बसत असेल तर आभा फ्रेमगणिक वाढत जाते आणि पुसट तारे मरत जातात. १ली, ३०वी आणि ६०वी फ्रेम शेजारी ठेवून बघा.

आणखी एक काम: त्याच तीन फ्रेममध्ये अल्सायोनी (कृत्तिकेची योगतारा) आणि अ‍ॅटलास यांच्यातलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. आकाशात ते २३ आर्कमिनिटं आहे, २५० मिमीवर ४५०च्या आसपास यायला हवं. का मोजायचं ते आकडे आल्यावर बोलू.

बाकी, ढग न दिसण्याचं मोठं कारण साधं आहे. ६० गुणिले ३० सेकंद म्हणजे अर्धा तास. एफ ५.६ला हे फार कमी. तीन तास केलेत तर सिग्नल-टू-नॉइज (खरा उजेड आणि खरखर यांचं प्रमाण) अडीचपट होईल (सहाचं वर्गमूळ). हाच अर्धा तास एफ २.८ च्या लेन्सनं घेतला असता तर दर पिक्सेलला चौपट उजेड मिळाला असता. जुनी १३५ मिमी एफ २.८ मॅन्युअल लेन्स मिळाली तर बघा. चौकट ९.४ बाय ६.३ अंशांची होते, कृत्तिका लहान दिसते, पण भोवतालची धूळ आत येते. फक्त ती पूर्ण उघडी वापरू नका, एक पायरी मिटा (तेव्हा उजेड चौपटऐवजी दुप्पट).

मायाभोवतीचा ढग माणसानं आधी डोळ्यानं पाहिलेला नाही. १८८५ मध्ये पॅरिसच्या आँरी बंधूंच्या फोटोच्या काचेवर तो पहिल्यांदा उमटला. म्हणून फोटोत तो सहज येईल असं समजू नका; त्यांनीही काच तासन्‌तास उघडी ठेवली होती.

---

करूळ_घाट

खमध्य यांनी सांगितलेल्या तीन तासांसाठी वेळ आणि जागा.

कृत्तिका कोल्हापूरच्या अक्षांशावर (१६.७ उत्तर) जवळजवळ डोक्यावर येते, खमध्यापासून जेमतेम साडेसात अंश उत्तरेला. याम्योत्तरावर, म्हणजे सगळ्यात उंच, येण्याची वेळ घड्याळानं अशी: नोव्हेंबर मध्यात रात्री पाऊण, डिसेंबर मध्यात पावणेअकरा, जानेवारी मध्यात पावणेनऊ. दररोज चार मिनिटं आधी. या वेळेच्या साडेतीन तास आधी आणि साडेतीन तास नंतर ती ४० अंशांच्या वर असते. त्याखाली फोटो काढू नये. हवेचा थर जाड होतो आणि सगळ्यात आधी निळाच रंग खाल्ला जातो, जो आपल्याला हवा आहे.

म्हणजे डिसेंबर मध्यात साडेसात ते सव्वादोन, जानेवारी मध्यात साडेसात ते सव्वाबारा. सकाळी कामावर जाणाऱ्यांना पौष बरा.

तिथी बघून ठरवा. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकेच्या अंगाशीच असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलंय. त्या रात्री पंचगंगा घाटावर पणत्या लागतात, कॅमेरा तिकडं लावा. आश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. चंद्र नसतो, पण फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस खोऱ्यात बसून राहतो. उरतात कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष अमावास्या, प्रत्येकीच्या आधीचे-नंतरचे चार-पाच दिवस.

धुराचं आणखी एक. गळीत हंगाम आणि ही मोसम एकच. पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळांची चुलाणं, कारखान्यांची धुरांडी. थंड रात्री हा धूर वर चढत नाही, नदीकाठच्या थरात अडकतो. म्हणून उंची महत्त्वाची. पन्हाळ्याची डोंगररांग कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर वर आहे, बऱ्याचदा तो थर पायाखाली राहतो. सायंकाळी पठारावरून खाली बघा. राखाडी पट्टा तुमच्या नजरेच्या खाली असेल तर मांडा, तुमच्याच पातळीला असेल तर सामान उघडू नका.

मसाईवरून कोल्हापूर शहर आग्नेयेला पडतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे औद्योगिक पट्टेही त्याच अंगाला. कृत्तिका उगवते ईशान्य-पूर्वेला, वारणा खोऱ्यातल्या दिव्यांवरून. तुमचा उजळ कोपरा आग्नेयेकडचा आहे का बघा. तो शहराचा झोत असेल तर याम्योत्तर ओलांडल्यानंतरचे तास जास्त वापरा.

गगनबावड्याला हेच गणित आणखी स्पष्ट आहे. कोल्हापूर पूर्वेला, पश्चिमेला कड्याखाली कोकण. पहिला अर्धा भाग शहराच्या बाजूनं, दुसरा अर्धा अंधाराच्या बाजूनं. पण घाटमाथ्यावर कोकणातून दमट हवा चढते आणि तासाभरात सगळं पांढरं करते. उपग्रहाचं ढगचित्र नुसतं कोल्हापूरचं बघू नका, किनारपट्टीचं बघा.

राधानगरी-दाजीपूरकडचं आकाश याहून काळं आहे. मात्र अभयारण्यात रात्री थांबता येत नाही आणि रस्त्यावर गवे असतात. बाहेरच्या गावात, ओळखीच्या माणसाच्या शेतात, विचारून मांडा.

---

लेथ_आणि_लेन्स

भावा, तारे लांबट का आले ते तू स्वतःच लिहिलंयस. "ध्रुवतारा मधोमध आणून." मधोमध आणायचा न्हाई!

खगोलीय ध्रुव आणि ध्रुवतारा यांच्यात आजच्या घडीला ३८ आर्कमिनिटांच्या आसपास अंतर हाय. ध्रुवदुर्बिणीत जे वर्तुळ कोरलंय ते त्यासाठीच. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्या मिनिटाला ध्रुवतारा वर्तुळावर घड्याळाच्या कुठल्या आकड्याला हवा ते दिसतं, तिथं नेऊन बसवायचा. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, अ‍ॅपमध्येही उलटंच निवडलंय का ते बघ.

मधोमध ठेवल्यानं होणारी चूक: ३८ आर्कमिनिटं चुकली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त दहा आर्कसेकंद सरकतो. तुझ्या २५० मिमीवर तीन पिक्सेल झाले, ३० सेकंदात दीड. हीच चूक पाच आर्कमिनिटांवर आणलीस तर मिनिटाला अर्धा पिक्सेलसुद्धा न्हाई.

पण लांबटपणा कुठल्या दिशेला हाय ते बघ. उत्तर-दक्षिण असेल तर ध्रुवमेळ चुकलाय. पूर्व-पश्चिम असेल तर गिअर किंवा तोल. वर्मचं (ट्रॅकरमधल्या मळसूत्री गिअरचं) एक चक्कर बहुतेक छोट्या ट्रॅकरात दहा मिनिटांच्या आसपास असतं, त्यात ताऱ्याची पुढं-मागं हालचाल होतेच. म्हणून २५०ला ४५ ते ६० सेकंदांच्या वर जाऊ नको आणि चारातली एक फ्रेम फेकायची तयारी ठेव. तोल अगदी बरोबरीत ठेवायचा न्हाई. पूर्वेकडची बाजू कणभर जड, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूला टेकून राहतात.

आता आपल्या अक्षांशाची गंमत. ट्रॅकर विकणारे पन्नास अंशांवरचे फोटो दाखवतात. आपल्याकडं आस फक्त १६.७ अंश वर, जवळजवळ आडवी. त्यामुळं कॅमेरा आणि तोलाचं वजन ट्रायपॉडच्या मध्यावरून उत्तरेकडं बाहेर जातं. ट्रायपॉडचा एक पाय नेमका उत्तरेला कर, न्हाईतर पहिल्या वाऱ्यात सगळं आडवं. मधल्या हुकाला पिशवी टांग, पण ती हलू नये म्हणून जमिनीला टेकलेली असू दे. मधला खांब अजिबात वर काढायचा न्हाई. मसाईला वारा हाय, पाय पूर्ण लांब न करता बुटकाच ठेव.

दुसरी गंमत, वजनाची दांडी पायाला धडकते. क्लच सैल कर आणि हातानं आस फिरवून बघ: १५ अंश म्हणजे एक तास. चार तास घ्यायचेत तर ६० अंश मोकळे फिरतात का ते आधीच कळतं. अडत असेल तर दांडीला जोड घे. कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होतो, फक्त जुनी दांडी घेऊन जा म्हणजे आटे जुळतील.

तिसरी, जिच्यासाठी खमध्य अंतर मोजायला सांगतायत. झूम लेन्स खमध्याकडं रोखली की पुढची नळी आपल्याच वजनानं आत घसरते. २५० म्हणून सुरू करायचं, तासाभरात २४० झालेलं असतं, फोकसही गेलेला. इलाज दहा रुपयांचा: झूम रिंगला कागदी मास्किंग टेप. चिकटपट्टी नको, तिचा गोंद राहतो.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे लेन्सपुढं लावायची खाचांची जाळी. लेझर कटिंगवाल्याला दोन मिमीच्या काळ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये नक्षी दे, पाच मिनिटांचं काम. १५००डीची मागची स्क्रीन वळत न्हाई, त्यामुळं कृत्तिकेवर फोकस करायचा म्हणजे ट्रायपॉडखाली झोपायचं. त्यापेक्षा वायफायनं मोबाइलवर घे, किंवा ब्रह्महृदयावर फोकस कर, ते उत्तरेला साठेक अंशांवर थांबतं. आधी टेप, मग फोकस. उलटं केलंस तर टेप लावताना फोकस हलतो.

आणि लेन्सवरचं स्टॅबिलायझर बंद, कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, ऑटो पॉवर ऑफ बंद. या लेन्सच्या एसटीएम आवृत्तीत फोकस रिंग विजेवर चालते. कॅमेरा झोपून उठला की फोकस पुन्हा तपास.

---

रंकाळा_कट्टा

सगळ्यांचे आभार. मोजलं.

अल्सायोनी ते अ‍ॅटलास: पहिल्या फ्रेममध्ये ४५२, तिसाव्यात ४४३, शेवटच्या फ्रेममध्ये ४३१ पिक्सेल. आभा पहिल्या फ्रेममध्ये १२ पिक्सेल, शेवटी २५. अ‍ॅटलासला मायाइतकीच. लांबटपणा उत्तर-दक्षिण. उजळ कोपरा आग्नेयेचाच.

एक शंका राहते. खूप स्ट्रेच केल्यावर मेरोपीच्या खाली काहीतरी धुरकट दिसतंय. तो ढग की माझ्या मनाचे खेळ?

---

खमध्य

४५२ वरून ४३१ म्हणजे २५० मिमीची २३८ झाली. नळी घसरली, दवही बसलं, आणि १२ पिक्सेल लेन्सचे स्वतःचे. तिन्ही चोर एकाच घरात सापडले.

शेवटच्या वीस फ्रेम काढून टाका आणि उरलेल्या चाळीस पुन्हा स्टॅक करा. लेन्सच्या १२ पिक्सेलसाठी पुढच्या वेळी एफ ६.३ किंवा ७.१ करून बघा. उजेड थोडा जाईल, झालर बरीच कमी होईल. ताऱ्यांना टोकं फुटतील. आवडत नसतील तर लेन्सपुढं काळ्या कार्डाला गोल भोक पाडून लावा, लेन्समधली पाती उघडीच ठेवा. २५० मिमी एफ ७.१साठी भोक ३५ मिमीचं.

धुरकट पट्ट्याबद्दल अभ्रयंतीताईंना विचारा, प्रोसेसिंग त्यांच्याकडं.

---

अभ्रयंती

मनाचे खेळ नसावेत, पण आत्ता तुम्ही तो सिद्ध करू शकत नाही, कारण फ्लॅट नाहीत. लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार आणि सेन्सरवरचा धुळीचा डाग, दोन्ही स्ट्रेच केल्यावर ढगासारखेच दिसतात. तूर्त एक करा: सगळं चित्र चौथ्या भागाइतकं लहान करा. नॉइज बुडतो आणि मोठ्या आकाराचं जे खरं असेल ते उरतं. मग चाळीस फ्रेमचे वीस-वीसचे दोन वेगळे स्टॅक करा. दोन्हींत त्याच जागी तोच आकार दिसला तर नॉइज नक्कीच नाही. मग उरतो डाग. तो ओळखायला पट्टा मेरोपीपासून दक्षिणेला सुटतो का, हे कुठल्याही नकाशाशी ताडून बघा.

पुढच्या वेळी फ्लॅट घ्याच. रात्र संपल्यावर, झूम, फोकस आणि अ‍ॅपर्चरला हात न लावता, हूडवर पांढऱ्या टी-शर्टचे दोन पदर ताणून बसवा, वर टॅबलेटची पांढरी स्क्रीन किंवा उजाडतं आकाश. आयएसओ तोच ठेवून ए-व्ही मोडवर ३० फ्रेम, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर मधोमध. बायस ५०, सगळ्यात कमी वेळाचे, झाकण लावून. डार्क त्याच थंडीत घ्यावेत, म्हणजे गाडी भरताना कॅमेरा बाहेरच राहू द्या. घरी येऊन घेतलेले डार्क उपयोगाचे नाहीत. सिरिलचा तयार स्क्रिप्ट चालवायचा तर फोल्डरची नावं ठरलेली असतात: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस, इंग्रजीत लहान अक्षरांत. एक अक्षर चुकलं की तो थांबतो.

फ्रेमबद्दल दोन गोष्टी. हिस्टोग्रामचा डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांशावर यावा. मसाईवर एफ ५.६, आयएसओ ८०० ला ६० सेकंदांच्या आसपास सुरू करून बघा. एवढ्या एक्स्पोजरला अल्सायोनीसारखे तारे जळून पांढरे होतात, त्यांचा निळा रंग परत येत नाही. त्यासाठी १० सेकंदांच्या वीस फ्रेम वेगळ्या ठेवल्या तर ताऱ्यांचे गाभे तिथून घेता येतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा टायमर ३० सेकंदांवर थांबतो, त्यामुळं अडीच मिमी पिनचा टायमर रिमोट आणि बल्ब मोड लागेल.

दुसरी, डिदरिंग. दर दहा-बारा फ्रेमनंतर चौकट हातानं दहा-वीस पिक्सेल हलवा, दरवेळी वेगळ्या दिशेला. नाही हलवलीत तर सेन्सरचा ठरलेला नॉइज स्टॅकमध्ये पावसाच्या तिरक्या रेघांसारखा येतो, आणि त्या रेघा नेमक्या ढगाच्या तंतूंसारख्या दिसतात.

आता तपकिरी आकाश. इथंच बहुतेक जण स्वतःचा ढग स्वतः पुसतात. ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा उतार) काढताना सॉफ्टवेअर चित्रभर नमुन्याचे ठिपके टाकतं आणि ठिपक्यांखाली जे असेल त्याला आकाश मानतं. तुमची चौकट ५.१ बाय ३.४ अंशांची, आणि कृत्तिकेची धूळ त्यातला मधला मोठा भाग व्यापते. ठिपका धुळीवर पडला की धूळ वजा होते. म्हणून ठिपके हातानं ठेवा, फक्त चार कोपऱ्यांत आणि कडांना, मध्यापासून सव्वा अंश तरी दूर. बहुपदीची घात १ ठेवा. झोत एका दिशेनं येतोय, त्याला सरळ उतार पुरतो. घात ४ ठेवली तर ती ढगाच्याच आकाराला जाऊन चिकटते. ग्राएक्सपर्ट सॉफ्टवेअरचा आपोआप चालणारा पर्याय वापरलात तर त्यानं वजा केलेलं चित्र उघडून बघा. त्यात कृत्तिकेची सावली दिसत असेल तर ढग कचऱ्यात गेला.

क्रम असा: कडा कापा, ग्रेडियंट काढा, प्लेट सॉल्व्ह, म्हणजे चित्रातले तारे नकाशाशी जुळवणं (फोकल लांबी २५०, पिक्सेल ३.७२), ताऱ्यांच्या कॅटलॉगवरून रंग जुळवा, मगच स्ट्रेच. स्ट्रेच एका दमात नको, चार-पाच हलक्या हातांनी. स्टारनेट सॉफ्टवेअरनं तारे वेगळे काढून ढगाचं चित्र एकटं ताणता येतं, पण एवढ्या तेजस्वी ताऱ्यांच्या जागी तो गोल खड्डे किंवा डाग सोडतो, ते ढग समजू नका.

निळा स्लायडर शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात निळा ठळक असतो, त्यामुळं हल्ली गावाजवळचा झोतही निळसर येतो. आकाशाचा रिकामा कोपरा राखाडी असेल आणि मेरोपीच्या दक्षिणेला निळं असेल तर ठीक. कोपराही निळा असेल तर तुम्ही रस्त्यावरचे दिवे रंगवताय.

---

करूळ_घाट

अभ्रयंती हे तैत्तिरीय संहितेतल्या सात कृत्तिकांपैकी एकीचं नाव. ढग आणणारी. अमावास्येच्या रात्री तुम्ही ऑनलाइन नसलेल्याच बऱ्या, ताई.

---

अभ्रयंती

मेघयंती आणि वर्षयंती अजून यायच्या आहेत, तेव्हा जरा दमानं घ्या.

---

रंकाळा_कट्टा

वीस-वीसचे दोन स्टॅक केले. दोन्हींत मेरोपीच्या दक्षिणेला तोच पट्टा आहे, पुसट पण आहे. नकाशाशी जागाही जुळते. जुनी १३५ शोधतोय, तोवर टेप आणि कार्ड.

शेवटचा प्रश्न दवाचा. हूड लावलेला होता, तरी बसलं. बाजारातली हीटर पट्टी महाग वाटली. घरी करता येते का?

---

लेथ_आणि_लेन्स

येते की. १०० ओहमचे अर्ध्या वॉटचे दहा रेझिस्टर, समांतर जोडायचे. सगळे मिळून १० ओहम झाले, यूएसबीच्या ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर ओढतात, अडीच वॉट उष्णता. पाव वॉटचे घेऊ नको, प्रत्येकावर बरोबर पाव वॉट पडतो आणि ते कडेलोटावर चालतात. दोन वायरी समांतर ताणून दर दोन सेंटिमीटरला एक रेझिस्टर सोल्डर कर, वीस सेंटिमीटरची शिडी होते, लेन्सच्या तोंडाला बरोबर वेढा बसतो. वर हीट श्रिंक नळी, मग सुती कापडाच्या पट्टीत शिवून टाक, टोकाला वेल्क्रो. घरी मीटर लावून १० ओहम येतात का बघ आणि मगच पॉवर बँकेला जोड. शॉर्ट असेल तर तिथंच कळेल.

पट्टी काचेच्या कडेला, हूडच्या मुळाशी बांधायची. फोकस रिंगवर न्हाई, न्हाईतर ती गरम होऊन फोकस हलवत राहते.

---

रंकाळा_कट्टा

दहा हजार एमएएचची पॉवर बँक रात्रभर पुरेल? कॅमेराही त्याच्यावर लावू का?

---

लेथ_आणि_लेन्स

पट्टीला बारा तास सहज पुरते. ३७ वॉट-तासातले ३० हाताला लागतात, भागिले अडीच. कॅमेरा तिच्यावर न्हाई. त्याला साडेसात व्होल्टच्या आसपास लागतात, डमी बॅटरीचा वेगळा कन्व्हर्टर हवा. त्यापेक्षा एलपी-ई१० च्या दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेव, अंगाच्या उबेत. बदलताना लेन्सला धक्का लागतोच, म्हणून तेव्हाच चौकट हलवून घे, तेव्हाच फोकस तपास. आणि पट्टी मांडणी झाल्या झाल्या चालू कर. काचेवर एकदा दव बसल्यावर अडीच वॉटला ते वाळवायला फार वेळ लागतो, आणि रुमालानं पुसलंस तर पाठोपाठ पुन्हा बसतं.